सहकुटुंब सहपरिवार, एक गादी

तुळजापूरच्या त्या लॉजच्या खोलीत एक गादी होती, एक उशी आणि एक चादर. दारात आम्ही सत्तावीस जण उभे होतो.

पुतण्या रणधीरचं लग्न झालं होतं. नवरा-नवरीला देवीच्या पायांवर घालायचं आणि लॉजच्या अंगणात गोंधळ घालायचा, म्हणून सास्तूरहून दोन जीपा आणि एक टेम्पो भरून आलो होतो. खोल्या धरायचं काम माझ्याकडं होतं. मी लोहाऱ्याच्या पंचायत समितीत कारकून म्हणून रिटायर झालेला माणूस. त्यात भावकीतल्या यच्चयावत लग्नपत्रिकांचा मजकूर माझ्या हातचा. कुठंही रिकामी चौकट दिसली की ती भरायला घरचे मलाच पुढं करतात. ह्या लॉजचं बुकिंग हल्ली मोबाईलवर होतं. ‘येणाऱ्यांची नावे’ अशी चौकट आली आणि माझ्या बोटांनी आयुष्यभराच्या सवयीनं लिहून टाकलं, ‘सहकुटुंब सहपरिवार व समस्त आप्तेष्ट’. वर मी ते दोनदा वाचून खूशही झालो होतो.

मॅनेजर गुंडाप्पानं मोबाईल माझ्यापुढं धरला. “नाव, सहकुटुंब सहपरिवार व समस्त आप्तेष्ट. माणसं, एक.” मग त्यानं माझ्या खांद्यावरून मागं नजर टाकली. मागं माझ्या आत्याला टेम्पोतून उतरवून घ्यायचं चाललं होतं. “आप्तेष्ट एकटेच येणार होते न्हवं का, मामा?”

“तुमच्या कॉम्प्युटरचं कायतरी चुकलंय.”

“चुकलं आसंल की. पर लई बगितले म्या. एकानं तर सासऱ्याला सामान म्हणून लिहिलं हुतं.”

त्याच्या नजरेतून मी आणि माझी समस्त भावकी एकदम उतरलो. घरच्यांची नजर तर त्याहून वाईट. माझी बायको कडूबाई एवढंच म्हणाली, “तुमीच भरलंय न्हवं?” मी गादी परत एकदा मोजली. शेवटी नवरीला गादी मिळाली, नवरदेवाला उशी, चादर आत्याला, आणि बाकीच्यांनी व्हरांड्यात एकमेकांच्या पिशव्या डोक्याखाली घेतल्या.

सकाळी चहा घेत होतो तेव्हा प्रोग्राम बनवणारी बाई आली. गुंडाप्पानं फोन करून बोलावली होती. तिशीच्या आतली. लॅपटॉपची बॅग तिनं पाठीला न लावता पोटाशी धरली होती, गर्दीच्या एस्टी स्टँडवर धरतात तशी. अंगणात तेव्हा आमच्याशिवाय एक शेळी होती. खुर्ची पुढं केली तर आधी हलवून बघितली, मगच बसली. चहाचा कप उचलून खालून बघितला. हे कप खालून बघणं मी ओळखलं. अख्ख्या सास्तुरात एकच माणूस असं करतो.

“तू आण्णासाहेबांची शिवलीला न्हवं का?”

“व्हय काका.” तिनं ओळख पटल्याचा आनंद वगैरे काही दाखवला नाही. “तुम्ही काय टाईप केलं ते सांगा. जसं केलं तसं. जसं करायचं होतं तसं नको.”

मी सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मोबाईल मागून घेऊन खात्री केली. माझ्या तोंडून ऐकल्यावरही खात्री केली, हे लक्षात घ्या.

ह्या घराण्याचं संशयाशी जुनं नातं आहे. आण्णासाहेब बाजारात मडकं घेताना टिचकी मारतात, ते सगळेच मारतात. पण ते पितळी तांब्यालाही मारतात. कुणी गोड बोललं की आधी मागं वळून बघतात, तो दुसऱ्याशी बोलत असावा म्हणून. शिवलीला त्यांच्याच हाताखाली वाढली. त्यात ते घर. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं तेव्हा घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली. आण्णासाहेबांच्या वडिलांची जमीन थोडी आणि घरात खाणारी तोंडं अकरा. घर मिळालं लहान. शिवलीलाचा जन्म पुढं त्याच घरातला. पाव्हणा आला की आजोबा ओट्यावर, दुसरा आला की काका शेजाऱ्यांकडं, तिसरा आला की पोरं कोठीत ज्वारीच्या पोत्यांवर. आधीच आखून ठेवलेल्या जागेचा तिला तेव्हापासून राग. कुठंही जागा ठरवलेली दिसली की तिचा पहिला प्रश्न असतो, “आणि जास्तीचा आला तर?”

इंजिनिअर होऊन ती पुण्याला नोकरीला लागली, आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून परत आली. तुळजापुरात खैरुनबीच्या बांगड्यांच्या दुकानावर खोली घेऊन राहिली. सास्तूरचं घर सोडून इथं कशाला राहिलीस, असं मी पुढं विचारलं तेव्हा म्हणाली, “सास्तुरात दर तासाला कोण ना कोण येऊन विचारतं, काय करतीस.” खैरुनबीनंही नंतर एकदा मला खाजगीत सांगितलं, “काका, अच्छी छोकरी हाय, पर मैं चुडी भरी तो हात वर करून दोनदा मोजती.”

लॉजमालक इंद्रजितच्या ह्या लॉजचं बुकिंग तिनं बनवलं होतं, चाचणी म्हणून. आश्विन पौर्णिमेच्या यात्रेआधी इंद्रजित आणि बाकीचे लॉजवाले बसून ठरवणार होते. ते व्हय म्हणाले तर गावातल्या बऱ्याच लॉजचं काम तिला मिळणार होतं. न्हाय म्हणाले तर पुण्याची कंपनी परत बोलावतच होती. आण्णासाहेबांनी तिला साफ सांगितलं होतं, “हितं पोट भरत आसंल तर ऱ्हा. न्हाय तर पुण्याला जा. मधीच लोंबकळू नगं.” आणि मी एका ओळीत तिला पुण्याच्या गाडीत अर्धं बसवलं होतं, कारण सत्तावीस माणसं आणि एक गादी ही बातमी सकाळच्या चहाबरोबर गावभर पोचली होती.

“पण बाई, असा कसा प्रोग्राम तुझा? एवढी माणसं एक म्हणून घेतो?” मी हल्ला हाच बचाव धरला.

“सांगते. फंक्शन म्हणजे काम नेमून दिलेला गडी समजा. आधी मी एका पाव्हण्यासाठी एक गडी लिहिला, दोघांसाठी दुसरा, तिघांसाठी तिसरा. असे आठांपर्यंत लिहिले. मग नऊ जण आले.”

“मग?”

“मग नववा भांडला. तेव्हा मी ते सगळे गडी काढले आणि एकच ठेवला. त्याला कितीही द्या. तो पहिल्याला घेतो, जागा देतो, आणि उरलेल्यांना पुन्हा स्वतःच्याच हवाली करतो. परत पहिला, परत उरलेले. कुणी उरलं नाही की थांबतो.”

“आणि माणसांऐवजी दुसरं काही असलं तर? लोक इथं नवा ट्रॅक्टर घेऊन येतात पूजेला.”

“तेच तर. ट्रॅक्टर, जीप, देवीची परडी, काहीही असू दे. गडी प्रत्येकाला एकच विचारतो, तुला जागा कसली लागते? माणूस म्हणतो गादी, ट्रॅक्टर म्हणतो अंगण, परडी म्हणते स्वच्छ कोपरा. ज्याला उत्तर देता येतं तो आत. प्रत्येकाची जात वेगळी, गडी एकच.”

कितीही आणि काहीही. असं बोलणारी माणसं मला आजवर फक्त निवडणुकीत भेटली होती. मी तसं म्हणालोही. ती हसली नाही. म्हणाली, “मलाही तीच भीती आहे.”

“आणि माझे आप्तेष्ट?”

“त्यांना विचारलं, जागा कसली. ते म्हणाले, एक गादी. चौकटीत लिहिलेलं म्हणजे माणसाचं नाव, असं मी धरून चालले होते.” तिनं लॅपटॉप मिटला. “लिहिलं तुम्ही. पण दारातून आत सोडलं मी.”

मला वाटलं, झालं, मिटलं. मी उठायला लागलो तर म्हणाली, “काका, एक काम कराल? सास्तूरहून रोज खोटी बुकिंगं भरायची. सुचेल तशी. मी कितीही डोकं लावलं तरी मला तुमच्यासारखं सुचणार नाही.”

पंचायत समितीत मी तीस वर्षं चुका केल्या, पण त्या कामासाठी कुणी मला निवडून घेतलं नव्हतं. मी मान ताठ करून हो म्हणालो. ह्यात कौतुक नव्हतं हे लोहाऱ्याच्या फाट्यापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं.

पुढचे दिवस मोठ्या मजेत गेले. मी लिहिलं, ‘तीन-चार जण, पाचवा यायचा म्हणतोय’. त्यावर मोबाईलनं विचारलं, पाचव्याचं नाव काय. मी लिहिलं, ‘मेहुणे’. त्यानं विचारलं, किती. मी लिहिलं, ‘आत्या, बसूनच झोपते’, तर तिला खुर्ची द्यायची की गादी ह्यावर शिवलीलाचा थेट फोन आला. बैलजोडी लिहिली तेव्हा तर आमची अर्धा तास चर्चा झाली.

“काका, बैलजोडी एक की दोन?”

“बांधायला एक, पाणी पाजायला दोन.”

“तुळजापुरात बैलजोडी घेऊन कोण येतं पण?”

“सहकुटुंब सहपरिवार तरी कोण येतं?”

तिला हे पटलं. बैलजोडीचा नवा प्रकार तिनं प्रोग्राममध्ये घातला, आणि त्या गड्याला एक अक्षर बदलावं लागलं नाही असं मला सांगितलं. ते सांगताना तिच्या आवाजात पहिल्यांदा थोडी मऊ जागा सापडली. लगेच म्हणाली, “सोपं गेलं. कायतरी राहिलं असणार.”

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. रिटायर माणूस दिवसभर ओट्यावर मोबाईलमध्ये तोंड घालून गालात हसतो आणि ‘नवी नवरी, दोन’ असलं काहीतरी टाईप करतो, हे बघून कडूबाईला शंका न आली तरच नवल. तिनं एकदा खांद्यावरून वाचलं. “ह्या दोन नवऱ्या कुणाच्या?” मी प्रोग्रामचं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आनि शिवलीलाला तुमच्याबिगर दुसरं कुनी घावलं न्हाय व्हय?” मी फोन लावून दिला. दोघी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण त्या दिवसापासून कडूबाईही माझ्या भाकरी मोजायला लागली.

बैठकीला चार दिवस राहिले होते तेव्हा ते घडलं. टाईप करून बोटं दुखली म्हणून मी भावकीच्या ग्रुपवरची नावांची यादी सगळीच्या सगळी उचलली आणि चौकटीत चिकटवली. चांगली खरीखुरी नावं, एकाखाली एक. मोबाईल म्हणाला, माणसं, एक.

मी आनंदानं फोन केला. “शिवलीला, घावला बघ तुझा गडी.”

पलीकडून कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “काका, ह्या वेळी तुमचं चुकलं नाही.”

हे वाक्य मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. त्यामुळं बरं वाटायच्या आधी भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी मी एस्टीनं तुळजापूर गाठलं. ती खैरुनबीच्या दुकानातल्या बाकावर बसली होती, लॅपटॉप मांडीवर, जेवणाचा डबा न उघडलेला. खैरुनबीनं मला खूण केली, जपून बोला.

“गठुडं,” शिवलीला म्हणाली.

“कसलं?”

“तुम्ही नावांचं गठुडं दिलं. गडी कितीही घेतो, पण त्याच्या हातात नावं एकेक करून सुटी पडायला पाहिजेत. मी गठुडं न सोडता तसंच त्याच्या हातात ठेवलं. त्याला वाटलं, एक पाव्हणा आला, फक्त जाड आहे.” तिनं डोळे चोळले. “चूक गड्याची नाही, त्याला हाक मारणारीची आहे. हे बैठकीत झालं असतं तर माझी बॅग भरलेलीच होती. आणि मी पंधरा दिवस तुमच्यावर डोळा ठेवून बसले होते.”

मी म्हणालो, “मग आता?”

“आता स्वतःवरही ठेवते.”

नंतर तिनं काय केलं ते मला तिनं सांगितलं तेवढं सांगतो. दारातच एक तपासणी बसवली. कुणी गठुडं घेऊन आला की आधी सोडायचं. त्यातला प्रत्येक माणूस खरंच माणूस आहे का, परडी खरंच परडी आहे का, हे गड्यापर्यंत जायच्या आधीच विचारायचं. ‘समस्त’, ‘परिवार’, ‘मंडळी’ असला शब्द दिसला की नावं मागायची. हा शेवटचा नियम माझ्या नावानं ओळखला जातो, असं गुंडाप्पानं मला मागाहून सांगितलं. मी ते खोटं समजतो.

बैठक लॉजच्या अंगणातच भरली. एका बाजूला लॉजवाले खुर्च्यांवर, मध्ये इंद्रजित, पांढरा शर्ट आणि कपाळाला मळवट; दुसऱ्या बाजूला परभणीकडच्या एका कुटुंबाचा गोंधळ चाललेला. शंभू गोंधळी संबळाच्या तालावर एकेक देवाला बोलावत होता. कोल्हापूर, माहूर, जेजुरी, मग त्या घराण्याची गावदेवी, मग शेतातला म्हसोबा. शेवटी, ज्यांचं नाव राहिलं असेल त्यांनीही यावं, अशी हाक.

इंद्रजित म्हणाला, “बाई, कितीबी माणसं, कायबी सामान, एकच फंक्शन. ऐकायला लई ग्वाड वाटतंय. आमाला ग्वाडाची भीती वाटती.”

शिवलीला बोलायला लागली, पण ती लॉजवाल्यांशी इंजिनिअरसारखी बोलत होती आणि ते तिच्याकडं वसुलीला आलेल्या माणसाकडं बघावं तसे बघत होते. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि शंभूकडं हात केला.

“ह्या गोंधळ्यासारखंच आहे हो. एका घरचे देव पाच, दुसऱ्या घरचे पंधरा. म्हणून काय तो दर घराला नवा गोंधळ रचतो? पहिल्याला हाक मारतो, मग उरलेल्यांकडं वळतो. कुणाला नारळ, कुणाला भंडारा, ज्याचं त्याला. आणि राहिलेल्यांनाही या म्हणतो.”

लॉजवाल्यांच्या माना हलायला लागल्या. मला वाटलं, मी जिंकलो. तेवढ्यात शिवलीला म्हणाली, “गोंधळ्याला ते चालतं, काका. देव खोटं नाव सांगून येत नाहीत.”

माना थांबल्या. इंद्रजितनं तिच्याकडं नीट बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी तिचं बोलणं त्याला पहिल्यांदा स्वतःच्या भाषेतलं वाटलं.

“मंग असं करू,” तो म्हणाला. “गादीवालं मामा हेच न्हवं का? त्येंनीच भरावं. सगळ्यांम्होरं.”

मोबाईल माझ्या हातात आला. आठ-दहा लॉजवाले, गुंडाप्पा, आणि लांबून संबळ थांबवून बघणारा शंभू. मी ठरवून आलो होतो की सगळ्यांत अवघड यादी भरायची, ट्रॅक्टरसकट. चष्मा काढून पुसला, तो परत लावता लावता अंगठा कुठं टेकला कोण जाणे. एक अक्षरही न लिहिता बुकिंग गेलं.

पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं. शिवलीलानं बॅग पोटाशी घट्ट धरली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. पंचायत समितीत असले कोरे अर्ज आले की आम्ही काय करायचो ते मला आठवलं. आम्ही ते मंजूर करायचो.

चक्र थांबलं. इंद्रजितनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि मोठ्यानं वाचलं. “कुणीच आलेलं नाही, म्हणून जागा ठेवलेली नाही. कोण कोण येणार ते सांगा.”

गुंडाप्पानं वाकून तेच पुन्हा वाचलं. मग इंद्रजितनं स्वतःच्या मोबाईलमधून त्याच्या मेव्हण्यांच्या घरची यादी काढली, न सोडता तशीच चिकटवली, खाली एक ट्रॅक्टर लिहिला, आणि त्याखाली माझ्याकडं बघत ‘समस्त मित्रमंडळी’. प्रोग्रामनं माणसांना गाद्या दिल्या, ट्रॅक्टरला अंगण दिलं आणि विचारलं, मित्रमंडळींची नावं काय.

“कोरा अर्ज धाडणारा बी आसतोय, हे तुला कसं म्हाईत?” इंद्रजितनं विचारलं.

शिवलीलानं फक्त माझ्याकडं बघितलं. मग इंद्रजितनंही बघितलं, मग सगळ्यांनीच.

“ठेवूया,” इंद्रजित म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. “ह्या यात्रेला बी, आनि फुडं बी. सगळ्याच लॉजना लावू. गुंडाप्पा, तरीबी दारात उभा ऱ्हाऊन डोस्की मोजत जा.”

परभणीकडच्यांचा गोंधळ पुन्हा सुरू झाला. शिवलीला पायरीवर जाऊन बसली आणि वडिलांना फोन लावला. काम मिळालं, पुणं रद्द, मी इथंच, असं सगळं सांगितलं. आण्णासाहेबांचा आवाज मला शेजारी बसूनही ऐकू आला. “लिहून दिलंय का त्येंनी?” ती म्हणाली, “उद्या देतील.” ते म्हणाले, “मंग उद्या फोन कर.” आणि ठेवला. ती हसली. हसली म्हणजे लॅपटॉपची बॅग तिनं पोटावरून काढून बाजूला पायरीवर ठेवली. पट्टा मात्र मनगटाला गुंडाळलेला.

मी म्हटलं, आता विचारायला हरकत नाही. इतके दिवस राबलो, एस्टीचे धक्के खाल्ले, बायकोचा संशय ओढवून घेतला.

“मग शिवलीला, आता तरी ह्या काकावर भरवसा बसला ना तुझा?”

“न्हाय काका, बसला असता तर आज मी पुण्याच्या गाडीत असते.”